पत्रिकेतला ‘ह’

आमच्या घरी माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत वडिलांची जन्मपत्रिका होती. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला, कोपऱ्यांना लावलेलं कुंकू तपकिरी झालेलं. कुंडलीच्या चौकटीत बारा घरं आणि घराघरांत अक्षरं: र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के. शाळेत नुकतीच सूर्यमाला शिकवली होती, त्यामुळे बरीचशी अक्षरं लागली. एका घरात मात्र एकटाच ‘ह’ बसला होता. तो काही लागेना. आजीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “हर्षल तो. मागाहून आलेला ग्रह आहे.”

हर्षल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. विल्यम हर्शल. मूळचा जर्मनीचा, पोटासाठी इंग्लंडात आलेला संगीतकार. बाथ नावाच्या गावात तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या करायचा आणि उरलेल्या वेळात दुर्बिणींचे आरसे घासायचा. आरसा घासताना हात थांबवून चालत नसे, म्हणून त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवायची. १३ मार्च १७८१ च्या रात्री घरामागच्या बागेतून त्याला एक ठिपका दिसला. ताऱ्यांसारखा टोकदार नव्हे, किंचित पसरट. त्याने तो धूमकेतू म्हणून कळवला. पण गणित करणाऱ्यांना त्याची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार सापडली. शेपूट नाही, तेजोमंडल नाही. शनीच्या पलीकडचा तो ग्रह होता. माणसाला ज्ञात असलेल्या इतिहासात पहिल्यांदाच कोणीतरी ग्रह ‘शोधला’ होता. बुध ते शनी कोणी शोधलेच नव्हते, ते होतेच.

मग त्याला हाक काय मारायची? हर्शलने त्याला राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव दिलं. राजाने त्याला वर्षाला दोनशे पौंडांचं मानधन सुरू केलं. फ्रेंचांना इंग्रज राजाचं नाव आकाशात कसं चालावं? त्यांच्या खगोलशास्त्रज्ञ लालांदने शोधणाऱ्याचंच नाव सुचवलं. बर्लिनचा खगोलशास्त्रज्ञ बोडे याचं म्हणणं पडलं की आकाशातल्या घराण्याची रीत मोडू नये. गुरूचा बाप शनी, तर शनीचा बाप युरेनस. शेवटी बोडेचं ऐकलं गेलं, पण ब्रिटिशांच्या सरकारी नाविक पंचांगातून राजा जॉर्ज जायला १८५० साल उजाडलं. आणि लालांदची सूचना, जी जगाने केव्हाच सोडून दिली, ती आपल्या पत्रिकांमध्ये आजही नांदते आहे. शाळेच्या पुस्तकात प्रजापती किंवा युरेनस, कुंडलीत हर्षल.

त्या एका अक्षराने मला या विषयाकडे ओढलं. नाव कोण ठेवतं, कधी ठेवतं आणि त्याआधी काय काय व्हावं लागतं, हे शोधत गेलो. जे सापडलं ते एका वाक्यात असं: आकाशात नाव सर्वांत शेवटी येतं. आधी ओळख पटवावी लागते.

ओळख पटवणं किती अवघड, ते सेरेसच्या गोष्टीत दिसतं. १ जानेवारी १८०१ ला, सिसिलीतल्या पालेर्मो इथे ज्युझेप्पे पियात्सी या धर्मगुरूला वृषभ राशीत एक बारीक ठिपका रोज थोडा थोडा सरकताना दिसला. त्यानेही तो धूमकेतू म्हणूनच कळवला, पण याहून काहीतरी मोलाचं असावं असं त्याच्या मनात होतं. फेब्रुवारीत तो आजारी पडला आणि पुढे ठिपका सूर्याच्या उजेडात बुडाला. हातात होती फक्त काही आठवड्यांची निरीक्षणं. चोवीस वर्षांच्या गणिती गाऊसने तेवढ्यावरून कक्षा काढण्याची रीत बसवली आणि वर्षअखेरीला, ३१ डिसेंबरच्या रात्री, त्याच्या गणिताच्या आधाराने खगोलशास्त्रज्ञ फॉन त्साखला तो ठिपका परत सापडला. हरवलेलं पोर सापडावं तसा.

सेरेसला ग्रह म्हटलं गेलं. पाठोपाठ पॅलस, जुनो, व्हेस्टा सापडले आणि काही दशकं पुस्तकांमध्ये अकरा ग्रह छापले जात होते. हर्शलने १८०२ मध्येच सांगितलं होतं की हे ग्रह नव्हेत, हे दिसतात ताऱ्यांसारखे; यांना ‘अ‍ॅस्टेरॉइड’ म्हणावं. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. १८४५ मध्ये पाचवा सापडला आणि मग रीघच लागली. प्रत्येकासाठी ग्रहांसारखं चिन्ह काढता काढता लोक दमले. चिन्हं गेली, वर्तुळात आकडा आला: १ सेरेस, २ पॅलस. १७ एप्रिल १८६१ ला मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसनने जो शोधला तो आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून त्याचं नाव ६७ एशिया. ग्रहांच्या पंगतीतून सेरेस कधी उठला, याची तारीख कुठेही नाही. कोणी ठराव केला नाही, कोणी रडलंही नाही. प्लुटोच्या वेळी मात्र तसं झालं नाही, ते पुढे येईलच.

सूतिकागृहात बाळ जन्मलं की त्याच्या मनगटाला पट्टी बांधतात. तिच्यावर नाव नसतं. अमुकचं बाळ, तारीख, वेळ. बारसं नंतर. १९२५ पासून लघुग्रहांच्या मनगटालाही अशीच पट्टी बांधली जाते आणि आता ती बांधण्याचं काम अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचं मायनर प्लॅनेट सेंटर करतं. पट्टी वाचता आली की तिच्यात जन्मवेळ सापडते. २०२४ वायआर४ घ्या. वर्ष कळलंच. वर्षाचे चोवीस पंधरवडे, एकेकाला एक इंग्रजी अक्षर; आय वगळायचं, कारण ते इंग्रजी एकच्या आकड्यासारखं दिसतं. वाय म्हणजे १६ ते ३१ डिसेंबर. त्या पंधरवड्यात सापडलेल्यांना पुन्हा ओळीने अक्षरं, इथेही आय वगळून पंचवीस. पंचवीस संपली की पहिल्यापासून सुरू, आणि किती फेऱ्या झाल्या तो आकडा शेवटी. आर हे सतरावं अक्षर, चार फेऱ्या आधी पूर्ण. म्हणजे त्या पंधरवड्यातला ११७ वा. चिलीमधल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने तो २७ डिसेंबरला टिपला होता. याच वायआर४ ने २०२५ च्या फेब्रुवारीत जगाला धास्ती दिली. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, मग नवी निरीक्षणं आली आणि ती जवळजवळ शून्यावर आली. जगभरच्या बातम्यांमध्ये गाजलेल्या त्या दगडाला तेव्हा नाव नव्हतं. मनगटावरची पट्टीच होती.

कारण नावाआधी क्रमांक लागतो आणि क्रमांकाआधी कक्षा पक्की व्हावी लागते. लघुग्रह आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला आलेला असताना पुन्हा पुन्हा पाहावा लागतो, बहुधा चार वेळा, म्हणजे काही वर्षं. पुढे तो हरवणार नाही, कुठल्याही रात्री कुठे आहे ते सांगता येईल, अशी खात्री पटली की कायमचा क्रमांक. त्यानंतर दहा वर्षं नाव सुचवण्याचा हक्क शोधणाऱ्याचा. पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ ला टिपला गेला. पट्टी होती २००६ व्हीपी३२. नाव मिळालं सप्टेंबर २०१९ मध्ये. तेरा वर्षं. त्याचा क्रमांक ३००१२८ उलट्या बाजूने, दोन दोन आकड्यांनी वाचलात तर २८-०१-३० येतो, पंडितजींची जन्मतारीख. हा योग ज्याच्या लक्षात आला असेल त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पुढच्याच वर्षी पंडितजी गेले. बारसं त्यांच्या हयातीत झालं, याचं समाधान आहे.

एका शाळेच्या संगणक कक्षात मी हे काम अगदी जवळून पाहिलं आहे. आंतरराष्ट्रीय शोधमोहिमेत शाळांना हवाईच्या पॅनस्टार्स दुर्बिणीची छायाचित्रं मिळतात. एकाच जागेची चार, थोड्या थोड्या वेळाने घेतलेली. पडद्यावर ती एकामागून एक झळकतात. पाहताना वाटतं रवा सांडलाय. सगळे कण जागच्या जागी आणि त्यातच एखादा कण चार उड्या मारत सरळ रेषेत निघालेला. आठवीतली मुलगी बराच वेळ गप्प बसून पाहत होती. मग खुर्चीवरून अर्धी उठून ओरडली, “सर, हा चाललाय बघा!” सर आले, चष्मा वर केला. म्हणाले, “चाललाय खरा. पण चारही ठिकाणी आहे का? तीनच दिसतायत मला.” चौथ्या छायाचित्रात तो एका ताऱ्याच्या उजेडात बुडाला होता. मुलीने तेही शोधून दाखवलं. नोंद गेली. नंतर बातमी आली की मुलांनी लघुग्रह शोधला आणि आता ती त्याला गावाचं नाव देणार. मला त्या बातमीने वाईट वाटलं. मुलांचं काम लहान होतं म्हणून मुळीच नव्हे. ते मोठंच होतं. पहिली नोंद हाच या इमारतीचा पाया असतो. पण कक्षा पक्की व्हायला ती मुलं कॉलेजात जातील एवढी वर्षं लागतात, तो ठिपका आधीच कोणाच्या यादीत निघू शकतो, आणि हे सगळं मुलांना समजतं. त्यांना थांबण्याची किंमत सांगितली तर ती थांबतात. घाई आपल्याला असते.

आलटून पालटून झळकणाऱ्या छायाचित्रांची ही रीत जुनी. अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ नावाचा शेतकऱ्याचा चोवीस वर्षांचा मुलगा काचेच्या दोन प्लेटा अशाच आलटून पालटून पाहत बसायचा. एकेका प्लेटेवर लाखो तारे. १८ फेब्रुवारी १९३० ला त्याला एक ठिपका उडी मारताना दिसला. जानेवारीतल्या २३ आणि २९ तारखांच्या प्लेटा होत्या त्या. १४ मार्चच्या सकाळी ऑक्सफर्डमध्ये अकरा वर्षांची व्हेनेशिया बर्नी न्याहारी करत होती. आजोबांनी नव्या ग्रहाची बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, प्लुटो ठेवायला हरकत काय? अंधारात, दूर राहणारा पाताळाचा देव. आजोबा बॉडलीयन ग्रंथालयाचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी ते नाव एका खगोलशास्त्रज्ञ मित्राच्या कानावर घातलं आणि मित्राने अमेरिकेला तार केली. नावाची पहिली दोन अक्षरं, पीएल, वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांची आद्याक्षरं होती. १ मेला नाव जाहीर झालं. आजोबांनी नातीला पाच पौंडांची नोट दिली.

सत्तर-पंचाहत्तर वर्षं प्लुटो नववा ग्रह म्हणून राहिला. मग पालोमारच्या वेधशाळेत माइक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ ऑक्टोबर २००३ च्या छायाचित्रांत, जानेवारी २००५ मध्ये, प्लुटोएवढाच एक पिंड शोधला: २००३ यूबी३१३. (यू म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. हिशेब आता तुम्हीही करू शकाल.) याला दहावा ग्रह म्हणायचं, तर मागून येणाऱ्या सगळ्यांना म्हणावं लागणार. नाही म्हणायचं, तर प्लुटोला कोणत्या तोंडाने? २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या सभेत मतदान झालं. ४२४ जणांनी मत दिलं. ग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला पिंड. प्लुटो तिसऱ्या अटीला अडला. तो बटुग्रह झाला आणि त्यालाही क्रमांक मिळाला, १३४३४०. त्याच दिवशी सेरेस वर सरकून त्याच्या शेजारी बसला. दीडशे वर्षांनी बढती! वाद उकरणाऱ्या नव्या पिंडाचं नाव ठरलं एरिस, कलहाची देवता.

‘प्लुटोला काढलं’ म्हणून लोक हळहळले, अजून हळहळतात. ते प्रेम मला कळतं. तरी मला प्रागचा निर्णय योग्य वाटतो, आणि तसं वाटण्यामागे आपली पंचांगंही आहेत. आपल्या नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, आणि राहू-केतू आहेत, जे पिंडच नाहीत. चंद्राची वाट आणि सूर्याची वाट जिथे छेदतात ते दोन बिंदू. तिथे ‘ग्रह’ शब्दाचा अर्थच निराळा आहे आणि आपण दोन्ही अर्थ पिढ्यान्‌पिढ्या सुखाने वापरतो. वर्ग ही आपली सोय असते. प्लुटोवरचा नायट्रोजनचा बर्फ त्या ठरावाने एक कणभर हलला नाही. १४ जुलै २०१५ ला न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेलं, तेव्हा यानात टॉमबॉच्या अस्थींची चिमूटभर राख होती, आणि धूळकण मोजणाऱ्या उपकरणाला व्हेनेशियाचं नाव होतं.

वर्ग किती झपाट्याने बदलावा लागतो, हे २०१७ मध्ये दिसलं. १९ ऑक्टोबरला पॅनस्टार्सला सापडलेल्या एका पिंडाची नोंद आधी धूमकेतू म्हणून झाली, सी/२०१७ यू१. शेपूट दिसेना म्हणून सी काढून ए, म्हणजे लघुग्रह. पण त्याची कक्षा मिटतच नव्हती. सूर्याच्या बांधणीत नसलेला, दुसऱ्या कुठल्या ताऱ्याकडून आलेला तो पाहुणा होता. त्याच्यासाठी महिन्याभराच्या आत नवा वर्गच काढला, आय, आणि त्याचं नाव १आय/ओमुआमुआ. हवाईच्या भाषेत, दुरून पहिल्यांदा आलेला जासूद. २०१९ मध्ये क्रिमियातल्या बोरिसोव्हने दुसरा शोधला, १ जुलै २०२५ ला चिलीतल्या अ‍ॅटलासने तिसरा, ३आय/अ‍ॅटलास.

लघुग्रहांच्या नावांचे नियम मी वाचले तेव्हा त्यांतला विवेक आवडला. सोळा अक्षरांच्या आत, उच्चारता येईल असं, कोणाला बोचणार नाही असं. जाहिरात नको. राजकारणी आणि सेनानी यांना मरणानंतर शंभर वर्षं थांबावं लागतं; राजा जॉर्जवरून माणसं शिकली. पाळीव प्राण्यांची नावं नकोत. एकाने आपल्या मांजराचं, मिस्टर स्पॉकचं, नाव दिलं होतं, त्यानंतर ही सूचना आली. धूमकेतूला मात्र शोधणाऱ्याचंच नाव जातं. १९४९ मध्ये हार्वर्डला शिकत असताना वेणू बाप्पूंनी पाहिलेला धूमकेतू म्हणूनच बाप्पू-बोक-न्यूकर्क. गुरूच्या पुढे-मागे धावणाऱ्या लघुग्रहांना ट्रॉयच्या युद्धातली नावं आहेत, पुढे ग्रीकांची छावणी, मागे ट्रॉयवाल्यांची. पण रीत पडण्याआधी बारसं झालेला हेक्टर ग्रीकांत अडकला आहे आणि पॅट्रोक्लस शत्रूच्या गोटात. पृथ्वीसारख्याच कक्षेतून फिरणाऱ्या चिमुकल्यांचा एक गट महाभारतावरून ‘अर्जुन’ म्हणून ओळखला जातो. २०२४ च्या पावसाळ्याअखेर ‘छोटा चंद्र’ म्हणून गाजलेला २०२४ पीटी५ त्यातलाच. आणि जिथे भांडण मिटलंच नाही, तिथे? हौमेया हा बटुग्रह आधी कोणी शोधला यावर अमेरिकन आणि स्पॅनिश गटांचा वाद झाला. संघटनेने नाव अमेरिकन गटाने सुचवलेलं घेतलं, शोधाची जागा स्पेनमधली लिहिली आणि शोधकाचा रकाना कोरा ठेवला.

या नावांना किंमत लावता येत नाही, हे लोकांना माहीत नसतं आणि त्याचा फायदा घेतला जातो. आमच्या ओळखीच्या एका काकूंचे यजमान गेले. परदेशातल्या मुलाने आईसाठी एका संकेतस्थळावरून पैसे भरून ताऱ्याला वडिलांचं नाव ‘नोंदवलं’. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागलं. काकूंनी मला विचारलं, “एवढं दाखव ना रे, कुठे आहेत ते.” मी प्रमाणपत्रावरचे अंक घेऊन नकाशात शोधलं. तारा इतका मंद होता की गच्चीवरून तो कधीच दिसला नसता. संघटना असं नाव मानत नाही, कधी मानणार नाही. मी काकूंना त्या दिशेचा एक ठळक तारा दाखवला आणि म्हटलं, त्याच्या जवळपास. अजून मला त्या उत्तराची टोचणी आहे.

ज्यांची आठवण खरोखर आकाशात आहे, त्यांची नावं आपल्यालाच माहीत नाहीत. शुक्रावरची वीस किलोमीटरांहून मोठी विवरं कर्तबगार, दिवंगत स्त्रियांच्या नावांनी ओळखली जातात. तिथे एक विवर आहे जोशी: डॉक्टर आनंदीबाई. दुसरं मेधावी: पंडिता रमाबाई. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाईंच्या पदवीदानाला रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून हजर राहिल्या होत्या. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. मंगळावरही एक विवर लोणार नावाचं आहे, बुलढाण्याच्या लोणारवरून.

क्रमांक मिळालेले लघुग्रह आता आठ लाखांच्या पुढे गेले आहेत. नाव मिळालेले पंचवीस हजारांच्या आसपास. २०२५ च्या जूनमध्ये चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने पहिली छायाचित्रं दाखवली, तेव्हा सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह निघाले. पट्ट्या बांधता येतील, बारशी होणार नाहीत. म्हणूनच झालेलं एकेक बारसं मला जपून ठेवावंसं वाटतं.

त्यातलं एक आपलं आहे. २०१९ मध्ये संघटनेच्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिले. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ आला. ताऱ्याचं नाव ठरलं बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंगच्या उंचीवर ठेवलेल्या छायाचित्र प्लेटांवर विश्वकिरणांच्या खुणा मोजल्या, मेसॉन कणाच्या अगदी जवळ पोचल्या; युद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळाल्या नाहीत आणि त्या कणाचं नोबेल १९५० मध्ये सेसिल पॉवेल यांना गेलं. १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. ग्रहाचं नाव सुचवलं पुण्यातल्या एका शाळेतल्या तेरा वर्षांच्या मुलाने: संतमस. संस्कृतात, दाटून आलेला अंधार, झाकोळ. त्या ग्रहाचं वातावरण ढगांनी भरलेलं असावं, म्हणून. १७ डिसेंबरला दोन्ही नावं जाहीर झाली.

बिभा षडंश तारकासमूहात आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. संतमस तिच्याभोवती दोन दिवस आणि तीन-सव्वातीन तासांत एक फेरी घालतो. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री सिंह राशीतल्या मघा नक्षत्राच्या खाली, जिथे काहीच नाही असं वाटतं, त्या काळोख्या पट्ट्यात.